इथवर चालेल

दादा, दहाव्याला कावळा लगेच शिवला. तुझ्या अमेयने पिंड ठेवून हात जोडले, दोन पावलं मागे आला, तोवर भाट्याच्या सुरूच्या झाडांतून एक कावळा थेट खाली उतरला. गुरुजींनी न शिवल्यास म्हणून दर्भ काढून ठेवला होता, तो त्यांनी परत पिशवीत टाकला. माझा मेहुणा विलास शेजारी उभा होता. तो हळूच म्हणाला, "समाधानान गेले हो भाऊ. काय्येक मागं ठेवला नाय." सगळ्यांनाच हायसं वाटलं. मला मात्र त्या कावळ्याचा राग आला.

तुझं एक मागणं मागे राहिलं होतं. ते विलासच्या होडीबद्दल होतं आणि माझ्याकडे होतं. मी मनाशी वाक्य जुळवून आलो होतो. कावळा अडला, लोक एकेक करून काय काय कबूल करायला लागले, की मी पुढे होऊन म्हणणार होतो, "दादा, होडीवरचा टप काढतो." विलाससमोर, सगळ्यांसमोर. कावळ्याने ती वेळच येऊ दिली नाही. तू जन्मभर असाच वागलास. समोरचा अडचणीत येतोय असं दिसलं की आपणच उठून जायचं.

तुझ्या ऑफिसातून पत्र आलंय. त्यात हुद्द्यांची यादी आहे आणि विमानवाहू जहाजांच्या आराखड्यातल्या मोलाच्या कामाबद्दल एक वाक्य आहे. अमेयने ते मोठ्याने वाचलं तेव्हा वाडीतल्या लोकांनी माना डोलावल्या, पण त्यांना अजूनही वाटतं की तू जहाजावर असायचास. आपल्याकडचा माणूस बोटीवर जातो, सहा-आठ महिन्यांनी येतो, बॅग भरून वस्तू आणतो. तू दिल्लीत बसायचास. जिथे भरती नाही, ओहोटी नाही, मासळीसुद्धा बर्फातून येते, अशा गावात बसून देशातलं सगळ्यात मोठं जहाज कागदावर काढायचास. हे मी किती जणांना हसत सांगितलं असेल. तूही हसायचास. ते हसणं खरं होतं की नाही, हे मी कधी नीट बघितलं नाही.

तू नेमकं काय करतोस ते मला फार उशिरा कळलं. मला वाटायचं, तू जहाजाचं चित्र काढतोस. तू म्हणालास, "चित्र दुसरे काढतात. मी नाही म्हणतो."

"म्हणजे?"

"रडारवाला येतो, त्याला मनोऱ्यावर अजून उंच जागा हवी. विमानवाला येतो, त्याला डेकचं पोलाद अजून जाड हवं. स्वयंपाकघरवालासुद्धा येतो. प्रत्येक जण म्हणतो, थोडंसंच आहे. सगळ्यांचं थोडंसं मी एका कागदावर मांडतो आणि नाही म्हणतो."

"आणि ऐकतात तुझं?"

"खाली ठेवायचं असलं तर मी फार भांडत नाही. वर ठेवायचं असलं की भांडतो."

एका गणपतीत तू आम्हाला ते जहाज दाखवलंस, आठवतं? आरती चालू असताना तू घरापुढच्या खळ्यात उतरलास आणि माझ्या होड्या बांधायच्या शेडमधला खडू घेऊन जमिनीवर एक लांबट, एका अंगाला तिरकं वाढलेलं डेक काढलंस. आरतीला आलेल्यांच्या चपला म्हणजे विमानं. लोक बाहेर आले तर चपला जागेवर नाहीत, सगळ्या रांगेने उभ्या. तू सगळ्यांना समजावून सांगत होतास. मागचा भाग मोकळा, कारण तिथे उतरायचं. पुढे उडायचं. मधे एक चौकोन, ती लिफ्ट, विमानं खाली पोटातल्या कोठारात न्यायला. कुठलीही चप्पल बाकीच्या न हलवता पुढे आणता आली पाहिजे, नाहीतर आराखडा चुकला. मग तू माझा गमबूट आणून त्या चौकोनावर ठेवलास. मावला नाही. तू म्हणालास, "हे पुढच्या तीस वर्षांत येणारं विमान. अजून कोणी बनवलेलं नाही. पण ते मावेल अशी लिफ्ट मला आज ठरवायची आहे." शेजारची काकी कमरेवर हात ठेवून उभी होती. ती म्हणाली, "मनोहर, माझा विमान सोड बाबा, घरी भात करपतोय." किती हसलो होतो आपण. खडूची ती रेघ विसर्जनापर्यंत तशीच होती, आमच्या हिने, शैलाने, त्यावर झाडू मारू दिला नाही.

त्याच दिवशी मी विचारलं होतं की मनोरा एकाच बाजूला, उजवीकडे कसा, जहाज कलंडत नाही काय. तू म्हणालास, "आपल्या छोट्या होडीला उलांडी असते ना, बाजूला बांधलेलं लाकूड? तसंच. डावीकडे डेक बाहेर वाढवायचं, टाक्या तिकडे घ्यायच्या. या जहाजाची उलांडी आत लपवलेली असते, एवढंच." माझ्यासारख्याला समजेल असं सांगायची तुला हौस होती. आणि मला वाटायचं, दिल्लीहून येऊन हा मला होडी शिकवतोय.

आता बाबांचं सांगतो. तुला ठाऊकच आहे, पण मला ते क्रमाने मांडल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. बाबांनी कधी कागद वापरला नाही. लाकूड बघायचे, डोळा बारीक करायचे, होडी व्हायची. पाण्यात उतरवली की चार माणसं एका कडेला उभी करायचे आणि हाक दिली की चौघांनी एकदम मधे यायचं. होडी डुलायची. बाबा डोळे मिटून मोजायचे. एकीकडून दुसरीकडे जाऊन परत येईस्तोवर पाचाच्या आत मोजणी झाली तर होडी पास. जास्त झाली तर म्हणायचे, "आळशी हाय, तळात दगड घाला." मीही तसंच करत आलो. चाळीस वर्षांत माझी एक होडी परत आली नाही.

तू म्हणायचास की तुमच्याकडेही तेच करतात. दक्षिणेकडच्या एका गोदीत तू नवा असताना एका मोठ्या जहाजाची परीक्षा बघितली होतीस. वारा पडायची वाट बघायची. दोर सैल सोडायचे. वर मोजकीच माणसं, आणि त्यांनी ठरलेल्या जागेवरून हलायचं नाही. मग ठाऊक असलेलं वजन या बाजूचं त्या बाजूला न्यायचं आणि पोटात टांगलेला लांबलचक ओळंबा पट्टीवर किती सरकतो ते बघायचं. ओळंब्याचं टोक तेलात बुडवलेलं, उगाच हलू नये म्हणून. एवढं मोठं पोलादी धूड आणि ते किती कललं हे एका दोऱ्यावरून कळतं. तू म्हणालास, "सगळे गप्प उभे होते. मी बाबांसारखं मनात मोजत होतो." हे ऐकताना मला तुझा हेवा वाटला होता. बोललो नाही तेव्हा.

ते जहाज झालं, समुद्रात गेलं. पुढची सगळी वर्षं तू त्याच्याहून मोठ्या जहाजावर घालवलीस. ते कागदावरच राहिलं. कधी आकार बदलला, कधी विमान बदललं. विमानाने चढाच्या टोकावरून उडी घ्यायची की यंत्राने त्याला फेकायचं, हे बदललं की वीज बदलायची, वीज बदलली की इंजिन, आणि तुझी सगळी वजनं पहिल्यापासून. मी दर सुट्टीत डिवचायचो. "एवढं मोठं जहाज म्हणजे एवढं मोठं लक्ष्य. आता लांबून एक क्षेपणास्त्र सोडलं की संपलं. कशाला बांधता?" तू म्हणायचास, "लांबच्या समुद्रात आपल्या माणसांवर वेळ आली तर धावपट्टी कोणाकडे मागायची?" मी म्हणायचो, पाणबुड्या बांधा. तू म्हणायचास, पाणबुडीवर विमान उतरव बघू. हा वाद आपण दहा वर्षं घातला आणि कोणीच जिंकलं नाही. आता एकट्याने तो घालता येत नाही. खरं सांगू, काही वेळा तुझं म्हणणं मला पटायचं आणि मी मुद्दाम पाणबुडी काढायचो.

गेल्या शिमग्याला तू आलास. पालखी घरी येऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी विलास म्हणाला, "चला, माझ्या बोटीतून फेरी मारून आणतो." ही त्याची जुनी मासेमारीची होडी. मासळी मिळेनाशी झाली म्हणून गणपतीपुळ्याला येणाऱ्या पर्यटकांसाठी मीच तिचं रूप बदललं होतं. खाली बाकं, आणि वर लोखंडी नळ्यांवर फळ्यांचा टप, त्यावरही बसायची सोय, कारण लोकांना फोटो वरून काढायचे असतात. पाण्यात उतरवल्यावर मी बाबांची परीक्षा घेतली होती. चार माणसं कडेला, हाक, मोजणी. साडेचार. पास.

तू टपावर बसलास. डॉल्फिन दिसले म्हणून कोणीतरी हात केला आणि वरची सगळी माणसं एका बाजूला गेली. होडी कलली. परत आली, पण सावकाश. मला वाटलं, झालं. तुझ्या ओठांकडे बघितलं तर तू मोजत होतास. नऊपर्यंत गेलास.

संध्याकाळी कट्ट्यावर बसून तू मला एका जहाजाची गोष्ट सांगितलीस. कुठलं ते सांगितलं नाहीस. तू तेव्हा नवीन होतास. उंचावर बसवायची एक वस्तू कागदावर लिहिली होती त्याहून जड होती, हे तुला दिसलं होतं. बैठकीत साहेबांनी विचारलं, सगळं ठीक? तू गप्प बसलास. पुढे जहाज थोडं कलायला लागलं, म्हणून दुसऱ्या अंगाला तळात लोखंड भरावं लागलं. "ते लोखंड काहीच करत नाही, सदू. जहाज जिवंत आहे तोवर ते तिथे बसून माझी चूक तोलत राहणार," असं म्हणालास. मी म्हटलं, एवढं काय मनाला लावून घेतोस. तू माझ्याबद्दल बोलत होतास, हे मला कळलं नाही, की कळून घ्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू शेडमध्ये आलास तेव्हा हातात बाबांचा पितळी ओळंबा होता, बादली होती, आणि रंधा मारून गुळगुळीत केलेली एक पट्टी. त्याआधीच टेप घेऊन होडी मोजून आला होतास. गडी काम करत होते, विलासही होता. तू सगळ्यांसमोर म्हणालास, "सदू, टप काढ. बाबांची परीक्षा मासेमारीच्या होडीची आहे. तिचं जाळं खाली, बर्फ खाली, मासळी खाली. टपावर माणसं बसवायची हे बाबांच्या डोक्यातही नव्हतं. तू खालची चार माणसं हलवून बघितलीस, वरची नाही."

ते खरं आहे, हे मला त्याच क्षणी कळलं. आणि कळल्यामुळेच मी भडकलो. मी म्हणालो, "आधी तुझं जहाज पाण्यात उतरू दे, मग मला शिकव."

गडी हसले. विलास हसला. तू ओळंब्याचा दोरा बोटांवर नीट गुंडाळलास, खिशात टाकलास आणि पट्टी तिथेच ठेवून गेलास. त्या संध्याकाळी निघालासही, दोन दिवस आधी. नंतर रविवारी फोन यायचा तो शैलाला. कलमांना मोहोर कसा आहे, पन्हं केलं का. मी समोर बसून ऐकायचो. ती फोन माझ्याकडे धरायची आणि मी हाताने नको म्हणायचो.

मेमध्ये गर्दी असते. दर रविवारी मी धक्क्यावर जाऊन उभा राहायचो. टपावरची माणसं मोजायचो, होडी वळताना श्वास धरायचो, परत येईपर्यंत तिथून हलायचो नाही. विलासला वाटायचं मी कौतुकाने येतोय. तो चहा मागवायचा. मी तो चहा पीत होतो, दादा. एका वाक्याने सगळं थांबलं असतं. पण ते बोलायचं म्हणजे सगळ्या खाडीला कळणार की सदू मेस्त्रीची होडी चुकली, आणि तू बरोबर होतास. यातलं दुसरं मला जास्त जड जात होतं. पावसाळा लागला, होडी काठावर ओढून झाकून ठेवली, आणि मी सुटल्यासारखा झोपलो. मनात म्हटलं, दिवाळीत दादा येईल, तेव्हा बघू.

तू दिवाळीची वाट बघितली नाहीस.

दहाव्याहून घरी आल्यावर अमेयने तुझ्या बॅगेतून ओळंबा काढून दिला. "बाबा ऑफिसच्या टेबलावर ठेवायचे. निवृत्तीनंतर घरी आणला," म्हणाला. पाठोपाठ विलास आला. "तेरावा झाला की बोट उतरवूया. दिवाळीची बुकिंगा येतायत." मी उठलो. शेडमध्ये जाऊन ती पट्टी शोधली. ती कुठे होती सांगू? रंगाच्या डब्यात. पावसाळ्यात त्याच टपाला लावायचा तांबडा रंग मी तुझ्या पट्टीने ढवळला होता. कानशीने आणि मग काचेच्या तुकड्याने खरवडत बसलो. खाली पेन्सिलची एक रेघ निघाली आणि तिच्याशेजारी तुझं ते बारीक, सरळ अक्षर. "इथवर चालेल." तू मला काही समजावलं नव्हतंस, आकडे लिहिले नव्हतेस. माझ्यापुरतं तेवढंच लिहिलं होतंस.

काल, अकराव्याला, भरतीच्या वेळी होडी काठालगत पाण्यात घेतली. विलास म्हणाला, "सुतकात बोट घालतात काय पाण्यात?" मी म्हटलं, "नारळ नाही, पूजा नाही. फक्त मोजायचंय." टपावर तो जेवढी माणसं बसवतो तेवढ्या वजनाचे पाण्याचे कॅन ठेवले. मधल्या खांबाला तुझा ओळंबा टांगला, टोक बादलीतल्या पाण्यात, मागे पट्टी. तेच गडी होते. मी सगळ्यांना सांगितलं, हलू नका, बोलू नका. मग अमेयने आणि दोघांनी कॅन हळूहळू एका कडेला सरकवले.

दोरा रेघेकडे निघाला. रेघेवर थांबेल असं वाटलं. मी चक्क हात जोडले होते. तो पुढे गेला, तीन बोटं पुढे, आणि मी ओरडून कॅन मागे घ्यायला लावले.

मग मी बोललो. "दादा बरोबर होता. शिमग्यालाच मला कळलं होतं." गडी खाली बघायला लागले. विलासने वाकून पट्टीवरच्या रेघेवर बोट ठेवलं.

"शिमग्याला कळला होता?"

"हो."

"आख्खा मे महिना मी माणसा नेली त्या टपावर. माझी पोरा नेली. आणि तू धक्क्यावर उभा राहून चाय पीत होतास."

तो पाना घेऊन वर चढला आणि एकेक बोल्ट सोडवायला लागला. मी मदतीला गेलो तर म्हणाला, "तू उतर." फळ्या पाण्यात पडत होत्या, अमेय त्या ओढून काठावर लावत होता. दुपारपर्यंत होडी पुन्हा पूर्वीसारखी बसकी दिसायला लागली, बाबांच्या होडीसारखी.

तुला वाटेल, मागणं पुरं झालं, सुटलास सदू. तसं नाही. मी शब्द परत घेतले ते त्याच माणसांसमोर, पण ज्याला बोललो होतो तो ऐकायला नव्हता. तुझं कागदावरचं जहाज कधी पाण्यात उतरेल की नाही, मला माहीत नाही. उतरलं तर त्यावर उंच ठेवू पाहिलेल्या कितीतरी वस्तू तुझ्यामुळे नसतील, आणि ते कोणाला कळणारही नाही. त्या बैठकीत एकदा गप्प बसलास म्हणून तू पुढे जन्मभर नाही म्हणत राहिलास, हे मला आत्ता कळतंय. त्यासाठी तुझे आभार मानायचे होते. फोन समोर धरलेला असताना मानायला हवे होते.

उद्या तेरावा. शैलाने विलासचं पान धरलंय, पण तो येईल असं ती म्हणत नाही. तिचा भाऊ आहे, ती काल माझ्याशीही बोलली नाही. पूर्वी असं काही झालं की तू जाऊन त्याला घेऊन यायचास. उद्या सकाळी मला जायचंय. त्याने दार उघडलं तर आधी मे महिन्याबद्दल बोलेन. जेवायला ये, हे नंतर सांगेन.